आजीच्या आईचं नाव

कापूससाहेब नव्या माणसाला भेटले की नमस्कार होताच विचारत, "तुमच्या आजीच्या आईचं नाव काय?" मी त्यांचा दुभाष्या, शेतकऱ्यांना हे विचारताना मला घाम फुटे. उत्तर कुणालाच येत नसे. पण माणसं घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारत आणि दुसऱ्या दिवशी बांधावरूनच नाव ओरडून सांगत. साहेब खूश होऊन ते वहीत उतरवत.

ते अमेरिकेचे, कपाशीचे जाणकार. वर्णानं आमच्या गावचे शेतकरी नाना, त्यांच्यासारखेच काळे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी धुळ्याला आले आणि सोनगीरजवळ नानांच्या मळ्यात दोन हंगाम राहिले. एकदा बोंडातली सरकी चाचपत मला म्हणाले, "माझी माणसं आफ्रिकेतून बोटीत कोंडून नेली, ती याच्यासाठी. आजी लहान असतानाच तिच्या आईला दुसरीकडे विकलं. आजीला ती नुसती 'माय' म्हणून आठवायची."

त्यांची बहीण तिकडे जुनी दप्तरं धुंडाळत होती. एके दुपारी तिचं पत्र आलं. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत सापडलं होतं: हॅना, वय बावीस, सोबत लहान मुलगी. खालच्याच ओळीत दोन खेचरं. "नाव मिळालं," एवढंच बोलून साहेब विहिरीकडे गेले. संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होते.

त्याच आठवड्यात वंशावळीची पोथी घेऊन नानांचा भाट आला. नानांच्या चौदा पिढ्या त्यानं चालीवर म्हटल्या. मग नाना म्हणाले, "आते या भाऊनं कुळ लिखा."

मी हॅनाचं नाव सांगताच भाट गडबडला. "नाना, बाईपासून कुळ सुरू होत नाही."

"तिना आगोदरनं बठ्ठं कुळ समुद्रमा गयं. मंग तीच पहिली. आमनं कुळ बी कोठेतरी सुरूच व्हयेल शे ना? लिखा."

भाटानं लेखणी शाईत बुडवली. मी नावं सांगत गेलो. लिहून झाल्यावर खाकरून त्यानं त्याच चालीवर सुरुवात केली: हॅनाची रूथ, रूथचा जॉन, आणि शेवटी साहेबांचं नाव. साहेब केव्हा उभे राहिले, आम्हाला कळलंच नाही. टोपी हातात घेतली होती.

उन्हाळ्यात ते परत निघाले. चाळीसगावला मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला नाना स्वतः आले. "पत्र लिखजो, भाऊ," ते म्हणाले.

तीन वर्षांनी भाट पुन्हा आला. नानांच्या घरातले जन्म-मृत्यू नोंदवून त्यानं शेवटचं, हॅनाच्या कुळाचं पान उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "या घरी काय नवीन?"

साहेबांचं पत्र माझ्याजवळ होतं. "मुलगी झाली," मी बिचकतच म्हणालो.

भाटानं लेखणी झटकली.

"नाव सांगा."