मानाच्या वाटेवरून गेलेली हद्द

चिंचबन गल्ली एकशे बारा घरांची. मधून फरशीचा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या रांगा. वरच्या टोकाला तालीम, खालच्या टोकाला विहीर आणि विहिरीच्या मागं नाला. उन्हाळ्यात तो नाला जेमतेम दिसतो. पावसाळ्यात नदी फुगली की तिचं पाणी याच नाल्यातून उलटं चढतं आणि गल्लीत शिरतं. नाल्याच्या काठाला एक भिंत हवी, एवढंच गल्लीचं मागणं. ते छत्तीस वर्षांचं झालं. शहाजादी शिकलगार यांनी ते मागणं त्याच्या जन्मापासून पाहिलं आहे.

त्या आजऱ्याहून लग्न होऊन इथं आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवरा, लालासाब, कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचा, अजून लावतो. शहाजादींनी घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडप टाकलं. मार्च-एप्रिलमध्ये अख्खी गल्ली तिथं रांगेत असते. कुणाच्या चटणीत लसूण जास्त, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाच्या घरी यंदा एक माणूस कमी झालं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. गल्लीत त्यांना भाभी म्हणतात. गल्लीतल्या दोन रांगांना नावं आहेत: तालीम ज्या बाजूला ती तालमीची रांग, भाभींचं घर ज्या बाजूला ती कांडपाची रांग. हिंदूंची आणि मुसलमानांची घरं दोन्हीकडं आहेत. तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. मिरवणुकीत पंजा उचलून चालण्याचा मान शिकलगारांचा.

भिंतीची गोष्ट अशी. नव्वद सालच्या निवडणुकीत गल्ली पेठेच्या वॉर्डात होती. उमेदवार म्हणाला, भिंत बांधू. पंचाण्णवला गल्ली उचलून नाल्यापलीकडच्या वॉर्डाला जोडली. पेठेचा नगरसेवक म्हणाला, "आता तुम्ही माझ्यात येत न्हाईसा." पलीकडचा म्हणाला, "तुम्ही तर काल आलासा." एकदा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि निवडून आलेल्या बाईंनी खरोखर माणसं आणून काठ मोजून घेतला. भाभींनी त्या माणसांना चहा दिला होता. पुढच्या खेपेला हद्द पुन्हा सरकली. गल्ली तिसऱ्याच वॉर्डात गेली, मोजमापाचा कागद जुन्या वॉर्डाच्या गठ्ठ्यात राहिला. बाई म्हणाल्या, "माझा जीव तुटतो, पण माझा हात पोचत न्हाई." त्या निदान खरं बोलल्या.

भाभींना खोटं बोलणाऱ्यांचा राग यायचा. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की इथं कुणाला खोटं बोलावंच लागत नाही. दर पाच वर्षांनी कुणीतरी एक रेघ सरकवतं आणि मागचा शब्द आपोआप फिटतो.

दोन हजार एकोणीस साली कांडपाची मोटर पाण्याखाली गेली. एकवीसला पुन्हा गेली. समोरच्या रांगेतली धोंडुबाई, भाभींच्या तरुणपणापासूनची मैत्रीण, दोन दिवस माळ्यावर बसून होती. खाली तिच्या शेळीचं दावं तेवढं पाण्यावर तरंगत होतं. त्या सुमाराला नगरसेवकच नव्हते. मुदत संपलेली, निवडणूक होत नव्हती. भाभी अर्ज घेऊन गेल्या की कारकून म्हणायचा, लोकप्रतिनिधींकडून येऊ दे. लोकप्रतिनिधी कोण, हे तो सांगत नसे.

मग निवडणूक येणार अशी हवा सुटली. आता एकेकाचा वॉर्ड नाही, चार-चार जणांचे मोठे प्रभाग. भाभींनी मनाशी एक हिशोब केला: प्रभाग कितीही मोठा असू दे, गल्ली एकसंध राहिली पाहिजे. चारशेच्या वर मतं एका जागी असली तर कुणाला तरी आपल्याकडं बघावं लागेल. तालमीचा शब्द एक असतो, हे पंधरा साली निवडणुकीला उभ्या राहिलेल्या अमरसिंहनं बघितलं होतं. तो त्या वेळी इतर भागांच्या जोरावर निवडून आला, पण चिंचबन गल्लीनं त्याला नऊ मतं दिली होती. ती नऊ कुणाची, याचा शोध तो अजून घेत असतो म्हणतात.

सप्टेंबरात प्रभागांचा कच्चा नकाशा महापालिकेच्या भिंतीवर लागला. भाभी धोंडुबाईच्या नातीला, स्नेहलला, घेऊन बघायला गेल्या. स्नेहलनं बोट फिरवत फिरवत गल्ली शोधली. मग ती थांबली.

"काय गं?"

"भाभी, नाल्यावरनं न्हाई हो गेली हद्द. मधनंच गेलीय." तिनं खालचा मजकूर वाचला. तालमीपासून मानाच्या वाटेने विहिरीपर्यंत, रस्त्याच्या मध्यातून. "आता तुम्ही एका प्रभागात, आमी दुसऱ्या."

मानाची वाट. गल्लीबाहेरचं कुणी त्या रस्त्याला असं म्हणत नाही. भाभी तडक घरी आल्या.

लालासाब दारात बसून अडकित्त्याला धार लावत होते.

"आवं, गल्ली मधनं चिरली."

"कुणी?"

"त्येच तर इचारायचं हाय. पंजा जातो त्या वाटंवरनं रेघ गेलीय. पावलाला पाऊल लावून."

चाक फिरायचं थांबलं. लालासाबनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "ती वाट मीच दाखिवली की."

मोहरम होऊन आठ दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. भाभी माहेरी गेलेल्या. अमरसिंह महापालिकेच्या दोन कर्मचाऱ्यांना घेऊन दारात आला होता. "लालासाबचाचा, सायबांस्नी गल्ली दाखवा. तुमच्याबिगार मानाचं माणूस हाय कोण हितं?" लालासाबनी ठेवणीतला फेटा बांधला. या गल्लीत 'आमची गल्ली' दाखवायची म्हणजे पंजाच्या वाटेनं चालवायचं. नव्या नवरीलाही आधी त्याच वाटेनं चालवतात. कडा कुणी दाखवत नाही, कारण कडेला कुणी मान ठेवलेला नाही. लालासाब तालमीपासून विहिरीपर्यंत पुढं चालले, पंजा जिथं थांबतो तिथं थांबले, सलाम केला. कर्मचारी मागून लिहीत आले. विहिरीजवळ त्यांनी कागद पुढं केला.

"आणि सही केलासा?"

"केली. च्या बी पाजला."

"अंगठा उठिवला असतासा तर बरं झालं असतं. वाचायला येत न्हाय, असं तरी सांगता आलं असतं."

"मला काय ठावं, शाजादी? त्यो म्हणाला, गल्लीचा मान कागदावर येऊ दे."

"आला की. बगा जावा, भित्तीवर लावलाय."

राग आला की माणसं ओरडतात. भाभींनी त्या संध्याकाळी कांडपाची खोली पाण्यानं धुऊन काढली, भिंतींसकट. लालासाब बादल्या भरून देत होते. भाभींना नवऱ्याचा राग होता, पण तो हातात धरला की निसटायचा. सत्तरीला टेकलेला माणूस, फेटा बांधून पुढं चाललेला, मागं दोन पोरगेलेसे कर्मचारी. हे चित्र ज्यानं जुळवलं त्याच्यावर मात्र राग टिकत होता. त्या माणसानं गल्लीचं वाईट काही वापरलं नव्हतं. जे सगळ्यांत चांगलं होतं, नेमकं तेच वापरलं होतं.

हरकतीवर भाभींनी दोनशे चौदा सह्या घेतल्या. सुनावणीला एकेकाला दोन मिनिटं होती. नंबर आला तेव्हा भाभी उभ्या राहिल्या. मागच्या बाकावर अमरसिंह पाय पसरून बसला होता.

"सायेब, नाला आमची हद्द. गल्ली न्हवं."

अधिकाऱ्यांनी कागद उलटला. ते चांगले बोलत होते, थकलेले होते. "बाई, ही हद्द स्थानिक रहिवाशानंच दाखवलेली आहे. इथं सही आहे. लालासाब शिकलगार. ओळखता?"

मागं कुणीतरी हसलं. गल्लीतून आलेल्या अकरा बायकांनी एकदम भाभींकडं बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. भाभींनी गल्लीत कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता गप्प राहिलं तर सगळा दोष नवऱ्याच्या माथी बसणार होता.

"माझा नवरा हाय त्यो," त्या म्हणाल्या. "त्येला सांगितलं गल्लीचा मान दाखव. त्येनं पंजाची वाट दाखिवली. पंजा मधनं जातो सायेब, दोन्ही रांगांस्नी दिसावा म्हणून. त्येच्यावरनं तुमी रेघ वडली. ज्येनं त्येला उठवून न्हेलं त्येला ठावं हुतं. त्यो बगा मागं बसलाय."

"व्यक्तिगत आरोप नकोत. नोंद घेतली. पुढचे."

हरकत फेटाळली गेली. अंतिम नकाशात रेघ तिथंच राहिली.

त्यानंतरचे चार महिने वाईट गेले. कांडपावर आलेल्या बायका मिरची ठेवून बाहेर उभ्या राहू लागल्या. तालमीच्या कट्ट्यावर एकानं लालासाबना विचारलं, "चाचा, आमचं घर कुठल्या बाजूला टाकलासा?" लालासाब तालमीत जायचे बंद झाले. घरात म्हणाले, "फुडल्या मोहरमला पंजा दुसऱ्यानं उचलावा."

"दुसऱ्यानं का?" भाभी कडाडल्या. "चोरी केलासा काय? ज्येनं केली त्यो फटफटीवर हिंडतोय, आणि तुमी कोनाड्यात तोंड घालून बसा!"

प्रचारात अमरसिंह कांडपाच्या रांगेतल्या प्रत्येक दारात आला. समोरच्या रांगेकडं त्यानं मान वळवली नाही. ती मतं आता त्याची नव्हती. भाभींच्या दारात हात जोडून म्हणाला, "काकी, भिंतीचं बघतो मी."

"अर्धी बांधणार काय?"

तो हसून पुढच्या दाराला गेला.

मतदानाच्या दिवशी भाभींचं केंद्र मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत होतं आणि धोंडुबाईचं बाजारामागं. पस्तीस वर्षं दोघी मताला एकाच रांगेत उभ्या राहिल्या होत्या. धोंडुबाईनं दारातूनच हाक मारली, "शाजादे, मला आता कोण न्हेणार गं?" स्नेहल तिला घेऊन गेली. भाभी एकट्या गेल्या.

अमरसिंह निवडून आला. तिघं साथीदारही आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक चिंचबन गल्लीत शिरली: पुढं हलगी, मग ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्पीकरची भिंत आणि वर गुलालानं माखलेला अमरसिंह. निवडून आलेल्यानं तालमीच्या पायरीशी थांबायचं आणि पंजाचा मानकरी त्याच्या हातात नारळ देतो, ही इथली रीत. तो नारळ घेतल्याशिवाय आपण निवडून आलो असं या भागात कुणालाच वाटत नाही. अमरसिंहलाही वाटत नसावं, नाहीतर त्यानं ही गल्ली टाळली असती.

पायरीवर लालासाब नव्हते. भाभी उभ्या होत्या, कांडपातल्या लाल हातांनी, पदर खोचून. हलगी थांबली. दोन्ही रांगांतली माणसं दारांत आली.

"काकी, चाचांस्नी बोलवा की. नारळ द्या."

"कशाचा?"

"निवडून आलोय न्हवं!"

"आलास की. कुठनं आलास?"

अमरसिंह हसला. "हितनंच."

"हितनं न्हाय." भाभींनी रस्त्याच्या मधल्या फरशीकडं बोट केलं. "तुझा प्रभाग तितं सपला. तूच सपवलास. तालीम ह्या अंगाला हाय. दुसऱ्याच्या हद्दीत मान मागायला आलास व्हय रं? लाज हाय का न्हाय?"

कुणीतरी शिट्टी मारली. धोंडुबाई तिच्या उंबऱ्यातून ओरडली, "ए पावणं, तुमचं घर चुकलं! पलीकडं इचारा!" मग जी हसण्याची लाट उठली ती दोन्ही रांगांतून उठली. सुनावणीपासून भाभींशी न बोललेल्या बायकाही हसत होत्या. ट्रॉलीतल्या एकानं आवाज चढवला, "ए म्हातारे, बाजूला हो." तालमीतली पोरं येऊन पायरीवर बसली, एकाला एक चिकटून.

अमरसिंहनं त्यांच्याकडं बघितलं. दोन्हीकडच्या दारांकडं बघितलं. मग ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

ट्रॅक्टर वळवायला गल्लीत जागा नव्हती. तो उलटा न्यावा लागला, स्पीकरच्या भिंतीसकट, फूट-फूट करत. हलगीवाल्यांना काय वाजवावं कळेना. पाऊण तास लागला.

भाभी घरात आल्या. लालासाब खिडकीच्या फटीतून बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"गेला?"

"गेला. हसू नगासा." भाभींनी तिखटाचे हात पाण्यात घातले. "त्यो मागं गेला. पाणी जाणार न्हाय. आदी एक नगरसेवक हुता, आता दोन अंगांचं मिळून आठ हायेत. स्नेहलला हाक मारा. आठ अर्ज लिवायचं हायेत."

लालासाब उठले आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा दिवसाउजेडी गल्लीचा रस्ता ओलांडून समोरच्या रांगेत गेले.