अंदाज चुकावा म्हणून

आपलाच अंदाज चुकावा म्हणून केळझरच्या गणपतीला नारळ बोलणारा सरकारी माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो बोरगाव मेघेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. काका पुरवठा कार्यालयात कारकून. पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या रेशन दुकानांना ज्वारी-गहू किती लागेल, हे दरसाल त्यांनी मांडायचं; मग ते मुंबईला जायचं आणि त्यावर बजेटात पैसा ठेवला जायचा. काकू म्हणायच्या, "घरातलं मीठ सरलं ते याईले समजत नाई, अन् चालले जिल्ह्याची भूक मोजाले!"

ऑफिसातले बाकीचे लोक गेल्या सालचा आकडा थोडा वाढवून मोकळे होत. काकांना मात्र बाहत्तरच्या दुष्काळापासून एक खोड लागली होती. एसटीत गाठोडं घेतलेली बाई दिसली की विचारायचे, "ना सण, ना बाळंतपण, काऊन चालली माय माहेरी?" सासरच्या कोठीत दाणा नसला की सून माहेरी धाडतात, असा त्यांचा हिशेब; अशा बाया मोजूनच ते आकडा मांडायचे. एकदा एका बाईच्या भावानं छत्रीच उगारली, तेव्हा काका कंडक्टरच्या मागं लपले होते म्हणे!

पुढं पाऊसपाणी बरं झालं. काकांनी मागवलेल्या ज्वारीला गोदामात सोंडे लागले. साहेबांनी फैलावर घेतलं, तर या गृहस्थानं नवसाचा नारळ फोडून ऑफिसभर खोबरं वाटलं.

मग एका साली पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. भाऊबीज होऊन पंधरवडा लोटला तरी लेकी सासरी परतेनात. काकांनी आकडा दुप्पट केला. साहेब म्हणाले, "तुम्ही दरसाल फुगवता. निम्मा करा."

कधी आवाज न चढवणारे काका म्हणाले, "साहेब, मी चुकलो तं गोदामात सोंडे होतीन. तुम्ही चुकले तं लेकरं उपाशी राहतीन. माह्या चुकीवर सही करा."

साहेबांनी सही केली. उन्हाळ्यात दुकानांपुढं रांगा लागल्या आणि आलेलं धान्य शेवटच्या पोत्यापर्यंत उठलं. साहेबांनी पेढे आणले, सगळ्यांदेखत काकांची पाठ थोपटली.

काका घरी आले ते ओट्यावरच बसले. पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "घे. या टायमाले बरोबर आलो." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे त्या साऱ्याजणी खरंच उपाशी होत्या रे."

एरवी तोंडाला तोंड देणाऱ्या काकू बाहेर आल्या. पाण्याचा तांब्या पुढं ठेवून त्या काकांच्या शेजारी बसून राहिल्या.