दोन तळ्यांचा फेरा

बायको गेली. दहाव्याला जमलेल्या बाया म्हणत होत्या, "अहेव गेली. नशीबवान." माझ्यादेखत म्हणत होत्या. मी बोललो असतो तर तोंडातनं शिवीच आली असती. नवऱ्याच्या आधी मेली म्हणून नशीबवान. पण नवरा इतकी वर्षं जगला कसा, हे एकीनंही विचारलं नाही. तिनं चालवलं म्हणून जगलो. माझी शाळा चौथीत सुटली, लिहायचा सराव नाही, पण एवढं लिहून ठेवणार.

लढाईची सालं होती. मी पलटणीत होतो. लग्नाची हळद उतरायच्या आत परत गेलो आणि छातीत पाणी घेऊन घरी आलो. पलटणीनं नाव कमी केलं. मिरजेला दवाखान्यात सुई घालून पाणी काढलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "अंथरुणाला चिकटून पडू नकोस. झाडीतनं रोज चाल. चढ आला तर दमानं चढ, पण चाल. मोकळी हवा खा."

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "हवा खाऊन कुणाचं प्वाट भरलंय?"

आमचं गाव कवठे महांकाळच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. खाली सगळी कुसळं. पण डोंगराच्या मागच्या अंगाला झाडी होती. धावडा, खैर, पळस, करवंदीच्या जाळ्या, आणि झाडीत दोन तळी. वरचं म्हसतळं, म्हशी डुंबायच्या ते. खिंडीपलीकडच्या उतारावर देवतळं, त्यात कुणी पाय घालायचा नाही. ओढ्याच्या काठानं चढायचं, म्हसतळ्याला वळसा घालून खिंडीत जायचं, देवतळ्यावर उतरायचं आणि मळ्याच्या बांधानं गावात यायचं. धडधाकट माणसाला न्याहारी पचायच्या आत होणारा फेरा.

मी पहिल्या दिवशी एकटा निघालो आणि ओढ्यातच बसलो. एकानं खांद्याला धरून घरी आणून घातलं.

आईनं मनात पक्कं धरलं होतं, की दुखणं सुनेच्या पायगुणानं आलं. त्या दिवशी ती चुलीसमोर उभी राहून म्हणाली, "दिवाळीपतोर ह्यो औताला लागला न्हाई, तर हिला हिच्या भावाकडं धाडती. मग माघारी आणायची न्हाई." भावाच्या घरी भावजय होती, ती हिला दारात उभी करणारी नव्हती. आईबाप तर आधीच गेलेले. बायको भाकरी थापत ऐकत होती. हात थांबला नाही तिचा.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली. तेही फुकट नाही. आई म्हणाली, "सून मोकळ्या हातानं रानात हिंडली तर गाव तोंडात शेण घालंल. इळा-दोरी घे. मोळी आण." म्हणजे नवरा मरो की जगो, सरपण आलं पाहिजे.

गावात मी पुढं, ती मागं, डोक्यावर पदर ओढून. शेवटचं घर ओलांडलं की ती मला मागं टाकून पुढं व्हायची. "तुमी म्होरं गेलासा की पलटणीवानी सुटतासा, मग खोकत बसतासा. माज्या मागनं या."

ओढ्याच्या वर एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन बसलेला असायचा. तो मला म्हणाला, "काय गड्या, बायकू वाट दावती व्हय? पलटणीत कोण दावत हुतं?"

मी खाली मान घातली. ती मागं न वळता म्हणाली, "मामा, तुमची मेंढरं बी बकरीच्याच मागनं जात्यात की."

म्हातारा हसला. त्यानंतर त्यानं कधी टोकलं नाही. गावात मात्र चालूच होतं. पारावरची टोळकी म्हणायची, पदराला बांधून फिरवती. माझ्या बरोबरीचे, एका ताटात जेवलेले लोक होते ते.

घरात थोरल्यांच्या देखत आम्ही कधी बोललो नव्हतो. झाडीत ती पाठमोरी बोलायची. तोंड दिसत नसलं की तिला काहीही विचारायला जमायचं. चढावर ती मला बोलतं ठेवायची. बोटीत खायला काय देत होते, समुद्राचं पाणी किती खारट, तिकडच्या बाया नेसतात काय. मी सांगत चढायचो. माझा सूर तुटला, की तिच्या पायात काटा मोडायचा. "थांबा, काटा मोडला," म्हणून दगडावर बसायची आणि तळवा उलटा करून कोरायची. जन्मात पायात वहाण नाही, तळवा बाभळीच्या सालीसारखा. त्यात काट्याची शिरायची टाप नव्हती. मला कळत होतं. मला कळतंय हे तिलाही कळत होतं. माझा दम परत आला, की काटा निघायचा.

लाकडं ती वाटेत वेचायची नाही. देवतळ्याच्या खाली उतार संपत आला, की झपाझप काटक्या गोळा करून मोळी बांधायची. तोवर इळा-दोरी कमरेला आणि दोन्ही हात मोकळे. घरात तिचा हात रिकामा मी पाहिलाच नव्हता. रानात ती हात झुलवत चालायची. पान तोडायची, टाकायची, पुढचं तोडायची. म्हसतळ्यात पाणकोंबड्या दिसल्या, की माझा दम लागलेला नसतानाही थांबायची.

"त्या काय करत्यात बघा की," म्हणायची.

"काय करत्यात? पवत्यात."

"व्हय. नुसत्या पवत्यात."

दसरा झाला. एका सकाळी मी चढभर बोलत होतो, आमच्या हवालदाराचं काहीतरी सांगत होतो, आणि बघतो तर खिंड आलेली. ती वळली. चढावर कधी वळायची नाही, त्या दिवशी वळून माझ्याकडं बघितलं.

"आज काटा न्हाई मोडला," मी म्हणालो.

"संपलं काटं," ती म्हणाली.

सबंध फेरा झाला. मधे बसलो नाही. दुसऱ्या दिवशीही झाला, तिसऱ्याही. मग मी आईला म्हणालो, औत धरतो.

आईनं देवाला बकरं कापलं. भावकी जेवायला आली. एक म्हणाला, देव पावला. दुसरा म्हणाला, पलटणीचं हाड हाय, असं थोडंच मोडतंय. तिसऱ्यानं मिरजेच्या डॉक्टरांचं नाव काढलं. जिनं पहाटेपासून मसाला वाटला, तिचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. बायांची पंगत शेवटी, त्यातही तिचं पान सगळ्यांत शेवटी. पातेल्यात रस्सा होता, फोड नव्हती. तिनं त्यात भाकरी कुस्करली. आई तिच्याकडं बघत शेजारणीला म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता हिला. हाय तशी." दावणीच्या म्हशीबद्दल बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलं सोडत होतो. ती पदर खोचून, इळा-दोरी घेऊन दारात आली.

आईनं विचारलं, "कुठं चाललीस?"

"फेऱ्याला."

"त्यो बरा झाला की. आता कशाला फेरा? सरपण हाय चार दिसांचं."

माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. दोरी खुंटीला अडकवली आणि जात्यावर जाऊन बसली.

दुपारी भाकरी घेऊन मळ्यात आली. मी बांधावर जेवत होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी ती लांबच बसली होती. वर डोंगराची झाडी दिसत होती. मी म्हणालो, "बरं झालं की. तुजी बी पायपीट वाचली."

तिनं वर झाडीकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमी परत कवा आजारी पडू नगासा."

"न्हाई पडत."

"पर फेरा लय ग्वाड हुता," म्हणाली, आणि भाकरीचं फडकं झटकून घराकडं निघाली.