खाडा कधी लावायचा

सदाशिव पेठेत माझी मेस आहे. बसून जेवणारे थोडे, डबे जास्त. सकाळी माझे हात कणकेत असतात आणि नेमके तेव्हाच लोकांचे निरोप येतात: आज नको, भात कमी, दोन पोळ्या जास्त. वरच्या खोलीत एक विदर्भातली मुलगी भाड्याने राहते, कॉम्प्युटरचं काम करते. तिने माझ्या फोनवर एआय बसवून दिला. निरोप तोच वाचतो, उत्तर देतो आणि कोणाला काय द्यायचं ते स्वयंपाकघरातल्या पडद्यावर लिहितो.

"आजी, त्याला कामं नेमून द्यावी लागतात," ती म्हणाली. "प्रत्येक कामाचं एक टूल. टूलखाली ते कधी वापरायचं ते लिहायचं. ते वाचूनच तो टूल निवडतो. तुम्ही सांगा, मी लिहिते."

एक टूल खाड्याचं होतं. खाडा म्हणजे त्या वेळचा डबा भरायचा नाही.

"खाडा कधी लावायचा?"

"डबा नको असेल तेव्हा."

"आणि उपास असला तर?"

"उपासाला कोणी पोळीभाजी खातं का?"

मी अशीच बोलते. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं सोडून उलट प्रश्न टाकते आणि समोरच्याला कळलं असं धरून चालते. तिला जे कळलं ते तिने लिहिलं: डबा नको असेल किंवा उपास असेल तर खाडा लावावा.

नारायण पेठेत एक निवृत्त मास्तर एकटे राहतात. त्यांना साखर आहे, जेवणाआधी इंजेक्शन घेतात. चतुर्थीला दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रात्री नेहमीचं जेवण, हे त्यांचं बरीच वर्षं ठरलेलं. एआय बसवला त्याच आठवड्यात त्यांनी फोनवर लिहिलं, "उद्या चतुर्थी आहे." उत्तर गेलं, "नोंद घेतली." मास्तर निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर उपासाचा एकही डबा नव्हता. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. उपास करणारे कमी झाले असतील म्हणून मी वरी शिजवलीच नाही.

साडेबाराला त्यांच्या शेजारणीचा फोन आला. मास्तरांनी इंजेक्शन घेतलं होतं आणि डब्याची वाट बघत बसले होते. घाम फुटला, हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी भिंत वाजवली. तिने साखरेचं पाणी पाजलं. मी वरी टाकली, आमटी केली आणि डबा घेऊन स्वतः गेले. ते खुर्चीत बसले होते, चेहरा पांढरा.

"या," ते म्हणाले. "तुमच्या यंत्राने माझ्याकडून निर्जळी करून घ्यायचं ठरवलेलं दिसतंय."

"यंत्राचं काही नाही. चूक माझी आहे. जेवा आधी."

ते जेवून होईपर्यंत मी तिथेच बसले.

संध्याकाळी हे ऐकून वरची मुलगी रडायला लागली. मी म्हटलं, "रडून काय होणार? काय लिहिलंयस ते वाच." तिने वाचलं. मग मला माझं पोळीभाजीचं वाक्य आठवलं. मी विचारलं, "त्याला उपास म्हणजे काय ते माहीत नाही?"

"माहीत आहे, आजी. तुमच्या मेसमध्ये उपासाला काय करतात ते माहीत नाही. आपण लिहिलं, त्याने ऐकलं."

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायचा कंटाळा आहे. तरी कागद घेतला आणि नवी बाई कामाला आली आहे, तिला आमच्याकडचं काहीच ठाऊक नाही, असं समजून लिहिलं. "खाडा लावला की त्या वेळी त्या माणसाला जेवण जात नाही. त्याने डबा नको असं स्वतः म्हटलं असेल तरच लावावा. उपास म्हणजे खाडा नाही. उपासाला आमच्याकडे वेगळा डबा असतो, त्याचं टूल वेगळं आहे. नुसतं चतुर्थी, एकादशी असं लिहिलं असेल तर दुपारी काय आणि रात्री काय ते विचारावं. कळलं नाही तर खाडा लावू नये, मला विचारावं. खाडा लावलाच तर कुठल्या वेळचा लावला ते त्या माणसाला उलट कळवावं."

"एवढं मोठं?" ती म्हणाली.

"मास्तरांना विचार, मोठं आहे का."

तिने उपासाच्या डब्याचं नवं टूल केलं, खाड्याखाली माझं तसंच्या तसं घातलं आणि आपल्या फोनवरून लिहून पाहिलं, "उद्या चतुर्थी." उत्तर आलं, "दुपारी उपासाचा आणि रात्री नेहमीचा डबा पाठवू का?" मग तिने लिहिलं, "उद्या पाहुणे येणार आहेत." त्याने खाडा लावला नाही, डबे वाढवायचे का, असं विचारलं. मला बरं वाटलं.

पुढच्या चतुर्थीला पडद्यावर मास्तरांचा उपासाचा डबा होता. तरी तो मीच घेऊन गेले, नेहमीपेक्षा लवकर. दार उघडून ते म्हणाले, "यंत्र सुधारलं म्हणत होतात ना?"

"सुधारलं. इंजेक्शन झालं का?"

"अजून नाही. डबा समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही, असं डॉक्टर ओरडले."

"मग आता घ्या," म्हणून मी डबा त्यांच्यासमोर उघडला.