विमानाची पँट आणि दोन कागदी लिंबं

आमच्या घरात विमान बायको बांधते आणि मी त्याला पँट घालतो.

यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. माझ्या बायकोने, म्हणजे वैजयंतीने, अख्खी नोकरी विमानतळावर विमानं दुरुस्त करण्यात काढली. निवृत्त झाल्यावर लोक काशीयात्रेला जातात. हिने भायंदर पूर्वेला एक गाळा भाड्याने घेतला आणि दोन माणसांचं छोटं विमान बांधायला काढलं! (ती विमान चालवायलाही शिकली आहे. मी अजून स्कूटरवर तिच्या मागे बसतो.)

विमानात जागा दोनच. एक तिची. दुसरीवर माझा डोळा होता.

"अहो, एक काम तरी धड करून दाखवा," ती म्हणाली, "मग पहिल्यांदा तुम्हालाच वर नेते."

ते एक काम म्हणजे व्हील पँट. विमानाची चाकं उघडी राहिली तर वारा अडवतात आणि वेग खातात, म्हणून प्रत्येक चाकावर फायबरचं निमुळतं कवच बसवतात. त्यातून खाली टायर जेमतेम डोकावतो. साहेबलोक त्याला पँट म्हणतात. माझी आई त्याला चड्डी म्हणते आणि आमच्या खारीगावात सगळ्यांना सांगते, "आमचा बाबू इमानाला चड्ड्या शिवतो."

काम दिसतं सोपं. टायर आणि कवच यांच्यात सगळीकडून बोटभर फट ठेवायची आणि दोन्ही पँटींची नाकं सरळ समोर ठेवायची, बस्स! मी दोरी लावली, ओळंबा लावला, स्क्रू पिळले आणि अभिमानाने वैजयंतीला हाक मारली. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"अहो, एक पँट उत्तनकडे बघतेय आणि दुसरी घोडबंदरकडे. विमानाने जायचं कुठे?"

मी पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बसवलं. असं इतक्या वेळा झालं की शेजारच्या गाळ्यातले जिग्नेशभाई रोज चहाच्या वेळी विचारायचे, "भोईरभाई, आज पँट पहनाया के उतारा?" जिग्नेशभाईंचा स्टीलच्या भांड्यांचा धंदा. गाळ्याबाहेर त्यांचे डबे नेहमी छताएवढे रचलेले. हे डबे ध्यानात ठेवा!

शेवटी एकदाची फट जमली. वैजयंतीने चाकाभोवती बोट फिरवलं, कुठेही अडकलं नाही. "छान!" ती म्हणाली. लग्नानंतर हा शब्द मी तिच्या तोंडून बहुधा फक्त आंब्याबद्दल ऐकला होता. मी हवेत तरंगत घरी आलो.

विमान आता ट्रकवर चढून लांबच्या एका खासगी धावपट्टीवर जायचं होतं. आदल्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"नवी गाडी हाय ना? मंग चाकाखाली लिंबू पायजेल."

"आई, ते विमान आहे."

"चाकं हायेत ना?"

चाकं होती खरी. वैजयंतीला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्या चाकांजवळ काहीही ठेवायचं नाही. हार नाही, हळदकुंकू नाही, लिंबू तर मुळीच नाही!" एकीकडे आई, एकीकडे बायको. माझा स्वतःचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण आईचं मन मोडवेना. मी केबिन रोडच्या बाजारातून दोन कागदी लिंबं आणली आणि सकाळी वैजयंती ट्रकवाल्याशी बोलत असताना दोन्ही टायरांच्या पुढे ठेवली. मग वाटलं, दिसतील. म्हणून ती हळूच वर सरकवून पँटच्या आत लपवली. बोटभर फटीत लिंबू कसं घट्ट बसलं! आपण किती हुशार, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

विमानाचे पंख काढून आधीच ट्रकवर ठेवले होते. जिग्नेशभाई आणि त्यांची माणसं मदतीला आली. आई दारात नारळ घेऊन उभी होती.

"हां, चला, लावा जोर!" वैजयंती ओरडली.

आता गाडी पुढे जाते, म्हणून तिचं लिंबू चाकापुढे ठेवतात. विमान मात्र गाळ्यात तोंड आत करून उभं होतं, म्हणजे निघणार होतं शेपटीकडून! चाकं उलटी फिरली. उजवं लिंबू खाली पडून ट्रकवाल्याच्या चपलेखाली फुटलं. डावं लिंबू टायरबरोबर वर चढलं आणि कवचात पाचरीसारखं बसलं. डावं चाक जागच्या जागी थांबलं, उजवं चालतच राहिलं आणि विमानाची शेपटी गर्रकन वळून थेट जिग्नेशभाईंच्या डब्यांत घुसली!

तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. डबे घरंगळत पार नाक्यापर्यंत गेले. मागोमाग पँट तडकल्याचा कडाड आवाज आला.

"चड्डी फाटली रे!" आईने आजूबाजूच्या सगळ्या गाळ्यांना कळवलं.

"अरे भोईरभाई, ये प्लेन है के बुलडोझर?" जिग्नेशभाई एका डब्यामागे धावत ओरडले.

वैजयंती थेट चाकाशी जाऊन बसली. तिने स्क्रू काढले, आत हात घातला आणि लिंबू बाहेर काढलं. सालीला जरा खरचटलं होतं, बाकी अख्खं!

"हे काय आहे?"

"लिंबू," मी म्हणालो. (उत्तर येत असलं की मी लपवत नाही.)

"मी टायरखाली सांगलेलं," आई तत्परतेने म्हणाली, "चड्डीत न्हाय."

"अहो, चाक मागे फिरलं की त्याची पुढची बाजू वर चढते. लिंबाला घेऊन चढते!"

"म्हणजे लिंबू मागे ठेवायला हवं होतं का?" मी निव्वळ जिज्ञासेने विचारलं.

वैजयंतीने माझ्याकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं आणि ती तिथेच जमिनीवर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मलाही हसू आलं, पण हसू संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "पहिली जागा आईंची."

फाटलेल्या पँटला मीच ठिगळ लावलं. शेपटीला ओरखडासुद्धा नव्हता. जिग्नेशभाईंनी मात्र पोचे आलेले डबे "हवाई जहाजवाला डब्बा" म्हणून गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायला सुरुवात केली.

धावपट्टीवर वैजयंतीने आधी एकटीने विमान नीट उडवून पाहिलं. मग ती आमच्याकडे आली आणि तिने सगळ्यांदेखत माझे खिसे तपासले! रुमाल, चष्मा, ॲसिडिटीची गोळी. मग आई ऐटीत चढली, वर जाऊन एक फेरी मारून आली आणि उतरल्याबरोबर तिने कनवटीतून एक टपोरं लिंबू काढलं.

"ह्ये होतं म्हून पडलो न्हाय."

"वैजू, आईला नाही तपासलंस?" मी कळवळून विचारलं.

"नऊवारीला खिसे कुठे असतात?" वैजयंती म्हणाली. "चला, बसा आता तुम्ही."

मी बसलो. इंजिन गरजलं, माझ्या ठिगळाच्या पँटी धावल्या आणि जमीन सुटली. वैजयंतीचा आवाज आनंदाने नुसता उचंबळत होता. "अहो, खाली बघा ना, किती सुंदर दिसतंय सगळं!"

दिसत असेलही. माझे डोळे घट्ट मिटलेले होते आणि मुठीत आईचं लिंबू होतं.