बोर्डावरचा ‘नो’

“पप्पा ऑपरेशनले नाही म्हणून राहिले, मॅडम.” निलेशने मोबाइल माझ्यासमोर धरला. “हे पाहा. लिहूनच दिलं त्यायनं.”

फोटोत एका बोर्डावर इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या होत्या. सगळ्यात खाली दोन. एन आणि ओ.

सर्जन बाजूलाच उभे होते. “कालपासून घरचे सही करत नाहीत,” ते म्हणाले. “शुगरचा पेशंट आहे, पाय काळा पडलाय, कापावा लागेल. इन्फेक्शन वर चढतंय. पेशंटला खरंच कळतंय का, एवढंच मला लिहून द्या.”

मी स्पीच थेरपिस्ट आहे. लकव्यानंतर ज्यांची वाचा जाते, त्यांच्यासोबत काम करते. आदल्या दिवशी मी खाप्याला शिबिरात होते. त्यामुळे हे सगळं मला एक दिवस उशिरा कळलं.

निलेशचे वडील, वानखेडे साहेब, माझ्याकडे तीन महिन्यांपासून येत होते. मौद्याजवळच्या वीज केंद्रात शिफ्ट इंजिनीअर होते, रिटायर झाले आणि वर्षभरात लकवा आला. उजवा हात गेला आणि भाषा गेली. आम्ही याला अफेझिया म्हणतो. म्हणजे जीभ शाबूत असते, पण मेंदूतून शब्द निघत नाही, आणि दुसऱ्याचं बोलणंही अर्धवटच पोहोचतं. साहेबांना पेल्याचं चित्र दाखवून ‘पाणी’ म्हणायला सांगितलं की ते माझ्याकडे बघत राहायचे. त्यांना घाम यायचा.

मग एक दिवस काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो बोर्ड आणला. सोंगट्यांनी इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. साहेब कॉलनीत चॅम्पियन होते. या खेळाचे शौकीन अजब शब्द पाठ करतात. सी-डब्ल्यू-एम, म्हणजे डोंगरातली वाटीसारखी दरी. हातात एकही स्वर नसला की हा कामी येतो. क्यू आला आणि यू नसला, तर क्यू-आय, म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. आणि दोन अक्षरी शब्दांची तर अख्खी यादी, ए पासून झेडपर्यंत.

मी सोंगट्या समोर ठेवल्या. साहेबांनी डाव्या हाताने तीन उचलल्या आणि लावल्या. सी, डब्ल्यू, एम. मग क्यू-आय. काकू रडायलाच लागल्या.

“बोलले वं माय, हे बोलले!”

इथे माझी चूक झाली. पाढे, आरत्या, शिव्या अशा पाठ गोष्टी अशा आजारात पुष्कळदा टिकतात. स्वतःचं नाव न सांगू शकणारा माणूस एक ते वीस धडाधड म्हणतो. त्यात सांगणं काहीच नसतं. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तरीही त्या दिवशी मी फाइलमध्ये लिहिलं, ‘शब्द परत येत आहेत.’ आणि काकूंना म्हणाले, “बोर्ड कायम जवळ ठेवा. साहेब त्यावरच बोलतील.”

आता मी निलेशचा फोटो मोठा करून पाहिला. एन-ओच्या वर एन-ई होतं. त्याच्या वर एन-ए.

“निलेश, हे लावत होते तेव्हा कोण होतं?”

“आईच होती. ऑपरेशनचं विचारलं अन् यायनं सोंगट्या ओढल्या. नो लावलं, तेवढ्यात सिस्टर ड्रेसिंगले आली.”

मी पलंगाजवळ गेले. साहेबांना ताप होता, पण जागे होते. मी आदल्या दिवशीचा बोर्ड सोंगट्यांसकट त्यांच्या पुढ्यात ठेवला. काही विचारलं नाही. मग त्यांचा डावा हात हलला. एन-यू. त्याच्याखाली ओ-डी. त्याच्याखाली ओ-ई.

निलेशचं इंजिनीअरिंग झालेलं, हिंगण्याला नोकरी. त्याला समजायला वेळ लागला नाही.

“यादी,” तो म्हणाला. “ही तर दोन अक्षरी शब्दांची यादी आहे. ओळीने लावत चालले.”

काकूंना समजलं नव्हतं. मी साहेबांना विचारलं, “पाय काढायचा का?” त्यांनी मान हलवली, हो. “पाय ठेवायचा का?” हो. “तुम्ही बाई आहात का?” हो. तीच मान, तेच डोळे.

काकू माझ्याकडे वळल्या. “मंग आतापर्यंत जे लावलं ते?”

“पाठ होतं, काकू.”

“तुमीच तं म्हणाल्या होत्या, बोलतील म्हणून. मी दिवसभर विचारत होती त्यायले. भूक लागली का, दुखते का. ते लावत होते. मले वाटे, जवाब देऊन राहिले. मंग मी कोणासोबत बोलत होती?”

मी सर्जनना लिहून दिलं की पेशंट हा निर्णय समजून घेण्याच्या स्थितीत नाही. निलेशने सही केली. काकूंनी पेनला हात लावला नाही.

पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तोवर इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. सहाव्या दिवशी आयसीयूत साहेब गेले.

मी सर्जनना विचारलं, “एक दिवस आधी झालं असतं तर?”

“कदाचित गुडघा वाचला असता. कदाचित तेही नाही,” ते म्हणाले. “हे कोणीच सांगू शकत नाही, मॅडम.”

महिन्याभराने निलेश फाइलच्या कॉपीसाठी क्लिनिकवर आला. काकूंचं विचारलं, तर म्हणाला, “ठीक आहे. तुमच्यावर राग नाही तिचा. पण इकडे यायले नको म्हणते.”

त्या फाइलमध्ये माझं वाक्य अजून तसंच आहे. खोडायची परवानगी नसते. तेव्हापासून मी पेशंटने काय केलं ते एका ओळीत लिहिते आणि मला त्याचा काय अर्थ वाटतो ते दुसऱ्या ओळीत. नातेवाइकांना मी फक्त पहिली ओळ वाचून दाखवते. पुष्कळदा ते नाराज होऊन जातात.