हिंग्वाष्टकाचा पहिला घास

पोटाच्या औषधाच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोक आपणहून आणून देतात. माणूस पगार सांगणार नाही, घरातली भांडणं सांगणार नाही, पण सकाळी पोट साफ झालं की नाही ते बाकावरच्या सगळ्यांसमोर सांगतो. मी धुळ्यात नानांच्या दवाखान्यात चूर्ण कुटते, पुड्या बांधते. त्यामुळे माझ्याकडे तर पोतंभर साठलेत.

नाना म्हणजे आमचे वैद्य. त्यांचं हिंग्वाष्टक चूर्ण पार दोंडाईच्यापर्यंत नावाजलेलं. तुपात परतलेला हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, पांढरं-काळं जिरं आणि सैंधव. घ्यायची रीत एकच. गरम भात, त्यावर तूप, त्यात चिमूटभर चूर्ण, आणि जेवणाचा पहिला घास तोच.

एकच दुखणं नानांच्या हाती लागत नव्हतं, आणि ते त्यांच्याच घरातलं. त्यांच्या बायकोचं, आमच्या अक्कांचं, पोट कायम जड. मोठ्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. चूर्ण रोज चालू, तरी अक्का चार घास खाऊन ताट सारायच्या. वाळत चालल्या होत्या. बाकावरचे लोक कुजबुजायचे, "दिव्याखाली अंधार." नाना ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मला फार वाईट वाटायचं त्यांचं.

*

शिंदखेड्याकडचे एक आबा आले होते. नानांनी रीत सांगितली, तर म्हणाले, "आम्हनाकडे भात कुठे? भाकर शे."

"मग भाकरीचा घास घ्या. पण पहिलाच."

आबा पंधरवड्यानं परत. "नाना, काही फरक नई. पोट गच्चच शे."

"तूप लावता?"

"हाओ."

"पहिल्याच घासाला?"

"पहिलाच. आन तो गायले देस. पहिला घास गायनाच ना!"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गाय कशी आहे?"

"गाय मातर दुप्पट चारा खाई राहिनी."

*

जळगावचे एक मास्तर आमचं जुनं गिऱ्हाईक. हिवाळ्यात शेतावर त्यांची भरीत पार्टी असते. जास्त खाणाऱ्यांची सोय म्हणून चूर्णाची मोठी पुडी सोबत नेली. भरीत करणाऱ्याला वाटलं मसाला आहे. त्यानं अख्खी पुडी भरतात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन. "नाना, अर्धा किलो चूर्ण पाठवा."

नाना घाबरले. "इतक्या जणांची पोटं बिघडली?"

"बिघडली कुठं? भरीत पुरलंच नाही. रविवारी परत ठेवलंय."

*

सरकारी ऑफिसातला आमचा एक क्लार्क आहे. चूर्ण खिशात असलं की त्याला शेवभाजीचा परवानाच मिळतो. एकदा हॉटेलातूनच फोन केला, "नाना, आधी चूर्ण घेऊ का आधी शेवभाजी?"

नाना म्हणाले, "आधी दम खा."

*

माझंही ऐका. दिवसभर हिंग परतला की साडीला वास राहतो. बसमध्ये शेजारची सीट हमखास रिकामी. एकदा एक म्हातारी हुंगत हुंगत मुद्दाम येऊन बसली. म्हणाली, "बाई, डब्यात फोडणीचं वरण शे का?"

*

आता अक्कांचं. घर दवाखान्याच्या मागेच. बारा वाजता नाना जेवायला बसणार, अक्का वाढणार. मग नाना जरा आडवे होणार. अक्का ओटा, भांडी, आल्यागेल्याचा चहा आवरून तीनला ताट घेणार, आणि डबा उघडून मी त्यांच्या सोबतीला. नाना तेव्हा पेशंटमध्ये असतात.

त्या दिवशी पेशंट नव्हते. नाना पाणी प्यायला आत आले. अक्का भाताच्या गोळ्यावर कोरडंच चूर्ण टाकत होत्या. नानांनी ताटाला हात लावून पाहिला.

"भात गार?"

"गरम होता की. तुमच्या ताटात."

"आणि तूप?"

"तेही तिथंच."

अक्का रागानं नव्हत्या बोलल्या. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं सांगितलं. नाना पाणी न पिताच बाहेर गेले. मी माझ्या डब्याकडे पाहिलं. आमच्या घरी तरी वेगळं काय होतं?

एरवी नाना जेवताना मी दवाखान्यात असते, दार उघडंच. दुसऱ्या दिवशी बाजारातून बाराला परतले, तर दार आतून बंद. बाहेर तोच क्लार्क पोट धरून दार वाजवत होता. "नाना, अर्जंट आहे हो!"

काय झालं बघायला मी मागच्या दारानं आत गेले. अक्का पाटावर अवघडून बसलेल्या. समोर ताटात भाताची वाफ. नाना वाकून तूप वाढत होते, अर्धं ताटाबाहेर.

दार पुन्हा वाजलं. अक्का उठायला लागल्या. नानांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि आतूनच आवाज दिला,

"थांबा जरा. पेशंट जेवतेय."